मुलं बाहेर का खेळायला हवीत? शंभर वर्षांपूर्वीच्या नाशिकचं उत्तर

काल दिवसभरात तुमचं मूल उघड्या आकाशाखाली किती वेळ होतं? शाळेची व्हॅन, क्लासला जातानाची स्कूटर, मॉलमधली फेरी यांतलं काही मोजू नका. फक्त बाहेर, मोकळं, हातपाय हलवत घालवलेला वेळ मोजा.

ओपीडीत हा प्रश्न विचारला की बरेच पालक जरा थांबतात. मग हमखास उलटा प्रश्न येतो: "डॉक्टर, आम्ही दूध देतो, अंडी देतो, ड्रायफ्रूट्स देतो. तरी याचं व्हिटॅमिन डी कमी कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे. गंमत म्हणजे हेच कोडं शंभर वर्षांपूर्वी याच नाशिक शहरात डॉक्टरांपुढे पडलं होतं. चांगलं खाणाऱ्या घरांतली मुलं हाडांनी दुबळी निघत होती आणि अर्धपोटी राहणाऱ्यांची हाडं सरळ होती. त्या कोड्याचा इतिहास समजून घेतला तर मुलांनी बाहेर का खेळायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मुडदूस म्हणजे काय?

आपल्या आजीच्या पिढीला "मुडदूस" हा शब्द चांगला ठाऊक होता. या आजारात वाढत्या हाडांमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरस नीट बसत नाही. हाडं लांबीला वाढतात, पण कच्च्या मातीसारखी मऊ राहतात. मूल उभं राहून चालू लागलं की अंगाच्या वजनाने पाय धनुष्यासारखे वाकतात. मनगटं जाड दिसतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात.

मुलींमध्ये याचा परिणाम पुढच्या पिढीपर्यंत जायचा. वयात येताना कमरेची हाडं मऊ असली तर ओटीपोटाचा सांगाडा दबून आकसतो. अशा मुलीचं बाळंतपण अडायचं. सिझेरियन सहज होत नव्हतं त्या काळी यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जायचा.

युरोपात हा आजार जुना. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन या डॉक्टरने १६५० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. १८२२ मध्ये पोलंडच्या स्नियाडेकी यांच्या लक्षात आलं की वॉर्सा शहरातल्या मुलांना मुडदूस होतो, आसपासच्या खेड्यांतल्या मुलांना फारसा होत नाही. पुढे कारखाने आले, धुराने आकाश काळवंडलं, कामगारांच्या वस्त्या दाट झाल्या आणि मुडदूस घरोघरी दिसू लागला. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम या डॉक्टरने एक साधी गोष्ट केली. तो जपानमध्ये काम करून इंग्लंडला परतला होता. तिकडे न दिसणारा मुडदूस इकडे इतका का, हा प्रश्न त्याला पडला. वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांकडून त्याने माहिती मागवली आणि निष्कर्ष काढला: जिथे ऊन कमी, तिथे मुडदूस जास्त. त्याचं म्हणणं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

दोन पक्षांचं भांडण

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांचे दोन पक्ष पडले. ग्लासगोचे डॉक्टर म्हणायचे, मुलांना कोंडून ठेवल्याने मुडदूस होतो. लिओनार्ड फिंडले यांनी १९०८ मध्ये कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून हे मांडलं. १९१८ मध्ये मार्गारेट फर्ग्युसन यांनी ग्लासगोमधल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही दाटीची घरं आणि बाहेर न जाणारी मुलं यांकडेच बोट होतं.

दुसरा पक्ष आहाराचा. लंडनमध्ये एडवर्ड मेलान्बी यांनी १९१९ मध्ये दाखवलं की पिल्लांना विशिष्ट निकृष्ट आहार दिला तर मुडदूस होतो आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की तो टळतो. म्हणजे दोष खाण्याचा!

हा वाद मिटायचा तर असा समाज सापडायला हवा होता जिथे चांगलं खाणं आणि मोकळं बाहेर असणं या दोन गोष्टी एकाच घरात नसतील. युरोपात गरिबाचं खाणंही वाईट आणि घरही अंधारं, त्यामुळे दोन्ही कारणं एकमेकांत मिसळून जायची. ती वेगवेगळी दिसली नाशिकमध्ये.

१९२१ : नाशिक शहर

१९२१ मध्ये ग्लासगोच्या वैद्यकीय मासिकात एक लेख आला. त्याचा विषयच होता नाशिक शहरातल्या मुडदुसाची कारणं. लेखक होते डॉ. हचिसन आणि डॉ. पटेल. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, हचिसन यांनी डॉ. शहा यांच्यासोबत मुडदुसावरच आणखी मोठा लेख लिहिला. त्यात लहान वयातला आणि वयात येताना होणारा, असा दोन्ही प्रकारचा मुडदूस होता.

त्यांना जे दिसलं ते आहाराच्या हिशेबात बसणारं नव्हतं. मोलमजुरी करणाऱ्या गरीब कुटुंबांचं खाणं अगदीच अपुरं होतं. पण आया दिवसभर उघड्यावर राबायच्या आणि त्यांची मुलंही बाहेरच वाढायची. त्यांच्यात मुडदूस जवळजवळ नव्हता. उलट खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या, पडदा पाळणाऱ्या घरांत तो होता. अशी घरं मुसलमानांची होती, तशी वरच्या थरातल्या हिंदूंचीही होती. तिथे तान्हं बाळ आईबरोबर आतल्या खोलीत राहायचं आणि मुलगी वयात येऊ लागली की तिचं अंगणात जाणं थांबायचं.

जुन्या नाशकातले वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. अरुंद गल्ली, जाड भिंती, मधला चौक आणि त्यामागे दिवसाही दिवा लावावा लागणारं माजघर. बाळंतिणीची खोली तर मुद्दाम अंधारी, वारा लागू नये म्हणून. माया होती, तूप होतं, डिंकाचे लाडू होते. ऊन तेवढं नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हा दोष कुठल्या एका धर्माचा किंवा जातीचा नव्हता, बंद दाराचा होता. श्रीनगरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन वॉन यांनीही १९२८ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं. पडद्यात राहणाऱ्या बायकांची बाळंतपणं अडत होती. होड्यांवर राहून कष्ट करणाऱ्या बायका मात्र सुखरूप बाळंत होत होत्या. शहर तेच, हवामान तेच, फरक फक्त दाराच्या आत आणि बाहेर असण्याचा.

कोडं सुटलं

त्याच सुमारास उत्तर हाती येत होतं. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांच्या दिव्याने उपचार केले. एकाच हातावर किरण सोडले तरी दोन्ही हातांची हाडं सुधारली! म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तावाटे साऱ्या अंगभर जात होतं. १९२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हेस आणि अंगर यांनी मुलांना नुसत्या उन्हात ठेवून मुडदूस बरा केला. पहिल्या महायुद्धानंतरच्या उपाशी व्हिएन्नामध्ये हॅरिएट चिक यांच्या पथकाने दाखवलं की कॉडचं तेल आणि ऊन, दोन्हींचा गुण येतो. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी तेलातला हा गुण व्हिटॅमिन ए पेक्षा वेगळ्या घटकाचा असल्याचं सिद्ध केलं. त्याला पुढे व्हिटॅमिन डी म्हणू लागले.

म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर होते. व्हिटॅमिन डी थोडंसं अन्नातून मिळतं, पण आपल्या नेहमीच्या जेवणात ते फारच कमी असतं. पोळी, भाजी, वरण, भात यांतून ते जवळजवळ मिळत नाही. दुधात मुद्दाम मिसळलेलं असलं तरच नाव घेण्याइतकं असतं. शरीराचा खरा कारखाना म्हणजे आपली त्वचा, आणि तो चालतो उन्हावर. नाशिकच्या मजुरांच्या मुलांचं ताट रिकामं होतं, पण त्यांचा हा कारखाना रोज सुरू होता.

आजचं माजघर

हचिसन यांचा लेख आला तेव्हा आजचा गंगापूर रोड म्हणजे नाशकातून गंगापूर गावाकडे जाणारा, शेतामळ्यांतला रस्ता होता. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली, आजूबाजूची गावं शहरात आली आणि बघता बघता मळ्यांच्या जागी कॉलन्या, कॉलन्यांच्या जागी सात-आठ मजली इमारती उभ्या राहिल्या. घरं प्रशस्त झाली, मोठ्या खिडक्या आल्या, भरपूर उजेड आला.

मग अडचण काय? अडचण ही की काचेतून उजेड येतो, पण व्हिटॅमिन डी तयार करणारे अतिनील-बी किरण काच अडवते. खिडकीजवळ बसून अभ्यास करणाऱ्या मुलाला ऊन दिसतं, जाणवतं, पण या कामासाठी ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. लिफ्टने खाली, पार्किंगमधून गाडीत, गाडीतून वर्गात, वर्गातून क्लासला, क्लासमधून स्क्रीनपुढे. हेही एक माजघरच आहे, फक्त चकचकीत.

आकडेही हेच सांगतात. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर मुलांच्या पोषणाची मोठी सरकारी पाहणी झाली. तिच्यात व्हिटॅमिन डी ची कमतरता १ ते ४ वर्षांच्या सुमारे १४ टक्के मुलांत, ५ ते ९ वर्षांच्या सुमारे १८ टक्के मुलांत आणि १० ते १९ वर्षांच्या सुमारे २४ टक्के मुलामुलींत आढळली. वय वाढतं तशी कमतरता वाढते. दफ्तर जड होतं, खेळ कमी होतो, त्याच वयात. वर्षातले कितीतरी महिने लख्ख ऊन असणाऱ्या देशाची ही स्थिती आहे.

डोळ्यांनाही आकाश लागतं

शंभर वर्षांपूर्वी ठाऊक नसलेली एक गोष्ट आता कळली आहे. बाहेर न खेळण्याची किंमत डोळेही मोजतात.

२००८ मध्ये सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या, ६-७ वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. सिंगापूरमध्ये २९ टक्के मुलांना लांबचं कमी दिसण्याचा चष्मा लागण्याजोगा दोष होता, सिडनीमध्ये जेमतेम ३ टक्क्यांना. वंश तोच. मोठा फरक होता बाहेर घालवलेल्या वेळाचा: सिडनीत आठवड्याला सुमारे १४ तास, सिंगापुरात सुमारे ३.

मग चीनमधल्या ग्वांगझू शहरात प्रयोग झाला. काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर नेली, बाकी शाळांत नेहमीचं वेळापत्रक ठेवलं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत सुमारे ४० टक्के मुलांना हा दोष आला, बाहेर नेलेल्यांमध्ये सुमारे ३० टक्के मुलांना. २०१५ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. तैवानने तर २०१० पासूनच मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढण्याचा कार्यक्रम शाळांतून सुरू केला होता.

कारण काय? घरात दिवे लावले तरी उजेड बाहेरच्या मानाने फारच मंद असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो घरातल्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो. या प्रखर उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन जास्त स्रवतं आणि डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांब होण्याला आळा बसतो, असं संशोधक मानतात. लक्षात घ्या, इथे काम उजेडाचं आहे. त्यामुळे सावलीत खेळलं तरी डोळ्यांना फायदा होतो.

उड्या मारल्याशिवाय हाड घट्ट होत नाही

ऊन हा अर्धा भाग झाला. ग्लासगोचे डॉक्टर "कोंडणं" म्हणायचे त्यात हालचालीचा अभावही आला. हाडावर भार पडला, दणका बसला की ते तिथे जास्त घट्ट होतं. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या महिलांची हाडं तपासली गेली. रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा भरीव होतं आणि ज्यांनी वयात येण्याच्या सुमारास किंवा त्याआधी खेळ सुरू केला होता त्यांच्यात हा फरक कितीतरी मोठा होता. म्हणजे हाडांची बचत बालपणीच करावी लागते. साधारण विशीपर्यंत जे जमा होतं तेच म्हातारपणी कामाला येतं.

आपले जुने खेळ या दृष्टीने पाहा. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, दोरीवरच्या उड्या: प्रत्येकात धावणं, वळणं, उडी आणि दणका आहे. महाराष्ट्राने तर या खेळांना शिस्तही दिली. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले आणि गल्लीतला खेळ मैदानावर आला. त्याला लागतं काय? दोन खांब आणि मोकळी जमीन. खांब आजही स्वस्त आहेत. जमीन नाही.

मुलींचं काय?

हचिसन यांच्या लेखातला वयात येणाऱ्या मुलींचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो अजून संपलेला नाही. पडदा गेला, मुली शिकल्या, स्कूटर चालवू लागल्या. पण अकरा-बारा वर्षांची झाली की संध्याकाळी खाली खेळणाऱ्यांत ती किती वेळा दिसते? "आता मोठी झालीस", "काळी पडशील", "अभ्यास आहे", "खाली मुलंच असतात". कारणं बदलली, वय तेच राहिलं. हाडं सर्वांत वेगाने भरण्याचंही हेच वय असतं. तुमच्या सोसायटीत मुलींच्या खेळण्याची वेळ आणि जागा ठरवून ठेवा. मैत्रिणी असल्या की मुली खेळतात.

जागा हा आरोग्याचाच प्रश्न

पालकांना "मुलाला बाहेर पाठवा" म्हणणं सोपं आहे. बाहेर म्हणजे कुठे? खाली गाड्या उभ्या, रस्त्यावर गाड्या धावत्या.

१९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवरच्या अपघातांत एका वर्षात चारशेहून जास्त मुलं गेली. आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांची हत्या थांबवा" या नावाने चळवळ उभी राहिली. त्या दशकात तिथे निवासी गल्ल्यांची नवी रचना कायद्यात आली: गाडीने पायी चालणाऱ्याच्या वेगाने जायचं, मुलांनी रस्त्यात खेळायचं. आज सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो असा घडला.

आपल्याकडेही कायदे आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार शहराच्या विकास आराखड्यात खेळाची मैदानं आणि उद्यानं आरक्षित असतात. पण दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. नागरिक गप्प राहिले की नकाशावरचं मैदान असं हातचं जातं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. प्रवेशाच्या वेळी एसी वर्गखोल्या पाहता, तसं मैदानही पाहा आणि त्यावर मुलं रोज उतरतात का, हेही विचारा.

घरी काय कराल?

• ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं दम लागेल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १ ते ४ वयात दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी. डोळ्यांसाठी रोज दोन तास बाहेर हे ध्येय ठेवा. शाळेची मधली सुट्टीही त्यात धरा.

• आपली सावली उंचीपेक्षा लहान असते तेव्हाच्या उन्हात व्हिटॅमिन डी चांगलं बनतं. अगदी पहाटेच्या कोवळ्या उन्हात ते फार कमी बनतं. थोडा वेळ, हातपाय उघडे ठेवून, त्वचा भाजणार नाही इतपत पुरे. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र मुलांना घरातच ठेवा.

• संध्याकाळच्या खेळाने व्हिटॅमिन डी फारसं मिळणार नाही, पण हाडं, हृदय, झोप आणि मैत्री यांसाठी तो तितकाच मोलाचा आहे.

• आठवड्यातून एक-दोनदा गोदाकाठी किंवा जवळच्या मैदानावर सगळ्यांनी मिळून जा. मोबाइल घरी ठेवून.

• सोसायटीच्या मोकळ्या जागेवर "खेळण्यास मनाई" ची पाटी असेल तर पुढच्या सभेत तो विषय काढा.

• व्हिटॅमिन डी चे सॅशे मनाने देऊ नका. जास्त डोस झाला तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. दोन वर्षांनंतरही पाय वाकलेले राहिले, मनगटं जाड दिसली, मूल उशिरा चालू लागलं किंवा पाय सतत दुखत असले तर डॉक्टरांना दाखवा. कमतरता निघाली तर औषध जरूर घ्या, ते उत्तम काम करतं.

पण औषधाची हद्दही ओळखा. सॅशेने रिपोर्टमधला एक आकडा सुधारतो. चष्म्याचा नंबर त्याने रोखला जात नाही, हाडाला दणका मिळत नाही आणि भांडून पुन्हा खेळायला बोलावणारा मित्रही मिळत नाही. १९२१ मधल्या नाशिकच्या गरीब आयांकडे देण्यासारखं फार थोडं होतं. त्यांची मुलं दिवसभर बाहेर होती, एवढ्यावर त्यांची हाडं सरळ राहिली. आपल्याकडे बाकी सगळं आहे. त्यात रोजचा एक तास आणि घराजवळची एक मोकळी जागा मिळवायची आहे. तासाची सोय आजपासून घरात करता येईल. जागेसाठी आपल्या प्रभागात खेळाच्या मैदानाचं आरक्षण कुठे आहे, ते या आठवड्यात महापालिकेत विचारून या.